सुपरचार्जर निवडताना आधी पंख्याला विचारा

वेगवान बोटीच्या इंजिनाचा विषय निघाला की आमच्या हाऊसमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती हॉर्सपॉवर?" दुसरा प्रश्न, "सुपरचार्जर कोणता?" तिसरा प्रश्न कोणी विचारतच नाही. माझे मत असे की तो तिसरा प्रश्नच पहिला असायला हवा. बोट काय काम करणार आहे, आणि तिचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, इंजिनाकडे नेमके काय मागणार आहे?

या सत्रात विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या गटाने गस्तीच्या वेगवान बोटीच्या इंजिनाचा तक्ता करायचे ठरवले. सुपरचार्जर निवडायची वेळ आली तेव्हा मतदान झाले. इंजिनाच्या डोक्यावर उभा असणारा, फोटोत सर्वांत दणकट दिसणारा जो होता, तो भरघोस मतांनी निवडून आला. विरोधात एकच मत पडले, ते माझे. आमच्याकडे हाऊस कॅप्टनसुद्धा मतदानाने ठरत नाही, मग सुपरचार्जर का ठरावा? म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

ज्या वाचकांचा इंजिनाशी फारसा संबंध येत नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. इंजिन हा मुळात हवा ओढणारा पंप आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सिलिंडरचा आकार ठरलेला, त्यामुळे त्यात मावणारी हवाही ठरलेली. जास्त ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करायचे, किंवा त्याच सिलिंडरमध्ये हवा दाबून भरायची. हे दाबून भरण्याचे काम सुपरचार्जर करतो. त्यासाठी लागणारी ताकद तो पट्ट्याने किंवा गिअरने इंजिनाकडूनच घेतो. टर्बो हेच काम धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर करतो. एकूण काय, फुकट कोणीच काही देत नाही.

सुपरचार्जरचे मुख्य प्रकार तीन. पहिला रूट्स. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० साली त्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मलीही नव्हती. ते यंत्र भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी होते. त्यात एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर असतात आणि दर फेऱ्याला ते ठरलेली हवा पुढे ढकलतात. दुसरा ट्विन-स्क्रू. त्यात पिळदार रोटर असतात आणि हवा पुढे सरकता सरकता आतच दाबली जाते. स्वीडनच्या लिशोल्म यांचे नाव या प्रकाराला जोडलेले आहे. तिसरा सेंट्रिफ्यूगल. त्यात एक छोटे चक्र प्रचंड वेगाने फिरते आणि हवा बाहेरच्या बाजूला फेकते.

आमच्या मतदानात जिंकलेला रूट्स मुळात कुठून आला, हे कळले तर बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल. जनरल मोटर्सच्या ६-७१ या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनावर तो बसवलेला असे. ६ सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच, म्हणून ६-७१. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या अनेक हिगिन्स बोटींत याच इंजिनाची २२५ अश्वशक्तीची सागरी आवृत्ती होती. तिथे त्या ब्लोअरचे काम वेग वाढवण्याचे नव्हते. टू-स्ट्रोक डिझेलला जळका धूर बाहेर ढकलून ताजी हवा आत घ्यायला तो लागतो, त्याच्याशिवाय ते इंजिन चालूच शकत नाही. युद्धानंतर शर्यतवाल्यांनी तेच ब्लोअर काढून पेट्रोल इंजिनांवर चढवले आणि ते वेगाचे चिन्ह बनले. शर्यतीत ते शोभते, पण शोभते म्हणून सगळीकडे चालते असे नाही.

आता मुख्य मुद्दा. बोट म्हणजे पाण्यावरची मोटारगाडी नव्हे. सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणारी गाडी इंजिनाच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरते. वेगवान बोटीला पाणी सतत मागे खेचत असते. आमच्या उस्तादांच्या भाषेत सांगायचे तर गाडीचे इंजिन परेड करते आणि बोटीचे इंजिन पाठीवर पिट्ठू घेऊन तासन्‌तास पळते.

पंख्याचा एक ढोबळ नियम आहे. त्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे निम्मे केले तर ताकद एक अष्टमांश पुरते. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचा दाब साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे निम्मे, तर दाब एक चतुर्थांश. हे दोन नियम शेजारी ठेवून पाहा. पंखा कमी फेऱ्यांना फार काही मागत नाही आणि सेंट्रिफ्यूगलही तेव्हा फार काही देत नाही. पंखा वरच्या फेऱ्यांना भरपूर मागतो आणि तिथेच सेंट्रिफ्यूगल भरपूर देतो. विमानाच्या इंजिनालाही पंखाच फिरवायचा असतो. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या इंजिनांत सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर होते आणि युद्धानंतर तीच इंजिने शर्यतीच्या बोटींत गेली. २६ जून १९५० रोजी सिएटल येथे 'स्लो-मो-शन ४' या बोटीने ताशी १६० मैलांचा, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा विक्रम केला, तो विमानाच्या ॲलिसन इंजिनावर.

मग सगळ्या बोटींना सेंट्रिफ्यूगल लावावा का? नाही, आणि याचे कारण मला या विषयात सर्वांत आवडते. घनाचा नियम सांगताना एक गोष्ट सुटते. वेगवान बोट सुरुवातीला पाणी कापत जाते. वेग वाढू लागला की तिचे पुढचे टोक वर उठते, मागचा भाग खाली बसतो आणि ती स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. हा चढ पार केला की ती पाण्यावर आडवी होऊन घसरू लागते आणि मग तोच वेग कमी ताकदीत टिकतो. चढ नेमका मधल्या फेऱ्यांवर येतो. सेंट्रिफ्यूगल तिथे अजून अर्धवट जागा झालेला असतो. रूट्स आणि ट्विन-स्क्रू मात्र कमी फेऱ्यांपासूनच हवा भरत असतात.

शर्यतीच्या हलक्या बोटीला हा चढ जाणवतही नाही. हायड्रोप्लेनच्या शर्यती धावत्या सुरुवातीने होतात, म्हणजे सीमारेषा ओलांडतानाच बोटी वेगात असतात. पण दहा जवान, त्यांची शस्त्रे आणि पूर्ण भरलेली टाकी घेऊन निघालेल्या गस्ती बोटीला हा चढ दर वेळी चढावा लागतो. पाठलाग करताना, थांबून तपासणी करून पुन्हा निघताना, बुडणाऱ्या माणसांना उचलून परत फिरताना. तिथे वरच्या टोकाचा आकडा कामाला येत नाही, मधली ताकद कामाला येते.

म्हणूनच एकाच आकाराच्या कामाला दोन कंपन्या दोन उत्तरे देतात. सी-डूच्या ३०० अश्वशक्तीच्या जेट स्कीत सेंट्रिफ्यूगल आहे, तर कावासाकीच्या अल्ट्रा ३१० मध्ये सुधारित रूट्स प्रकारचा ईटन आहे. दोघांचेही इंजिनिअर शहाणे आहेत. त्यांनी आपापल्या वाहनाचे काम वेगळे ठरवले, एवढाच याचा अर्थ.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हवा दाबली की तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी गणित करून पाहिले. ३० अंश सेल्सिअसची हवा दीडपट दाबाला नेली तर आदर्श यंत्रातही ती सुमारे ६७ अंशांवर जाते. यंत्राची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर सुमारे ८० अंश, ६० टक्के धरली तर सुमारे ९२ अंश. साधा जुना रूट्स या बाबतीत मागे पडतो, कारण तो हवा आत दाबत नाही, नुसती ढकलतो. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे जे कमावले त्यातले थोडे तिथेच गमावले. शिवाय अशा हवेने पेट्रोल वेळेआधीच भडकते. त्यालाच नॉकिंग म्हणतात आणि ते पिस्टन फोडू शकते.

बोटीची एक सोय अशी की हवा थंड करायला सभोवती पाणीच पाणी असते. इंटरकूलरमधून समुद्राचे पाणी फिरवले की झाले. पण इंटरकूलर हवेला पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. आपल्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी २८ ते ३० अंशांच्या आसपास असते. आपल्या पंपावरचे साधे पेट्रोल १०० ऑक्टेनचे नसते आणि तसे भारी पेट्रोल सगळीकडे मिळत नाही. त्यामुळे थंड प्रदेशातल्या तळ्यावर भारी पेट्रोलवर चालणारे इंजिन जसेच्या तसे उचलून कोकणच्या किंवा केरळच्या किनाऱ्यावर आणले, तर ते तिथला आकडा इथे देणार नाही. दाब कमी करावा लागेल, नाहीतर इंजिन जाईल.

इथून तिसरा प्रश्न निघतो, इंधनाचा. आम्हा कॅडेटांना याचे उत्तर इतिहासातच सापडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पीटी बोटींत सुपरचार्जर लावलेली तीन पॅकार्ड पेट्रोल इंजिने असत. सुरुवातीला प्रत्येकी १,२०० अश्वशक्ती, नंतर १,५००. त्यांना १०० ऑक्टेनचे पेट्रोल लागे आणि बोटीच्या पोटात त्याचे ३,००० गॅलन, म्हणजे ११,००० लिटरहून जास्त, भरलेले असे. लाकडी बोट, पोटात पेट्रोल आणि समोरून गोळ्या! जर्मनांच्या एस-बोटी डिझेलवर चालत. डिझेल सहजासहजी भडकत नाही. त्यात नॉकिंगची ती अडचण नसते, म्हणून जास्त हवा भरायलाही ते इंजिन तयार असते. मर्सिडीजने आपल्या २,००० अश्वशक्तीच्या सागरी डिझेलला सुपरचार्जर लावून २,५०० पर्यंत नेले, तेही आगीचा धोका न वाढवता. आपल्या नौदलाच्या ज्या क्षेपणास्त्र बोटींनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला, त्या निपात, निर्घात आणि वीर याही डिझेलच्याच होत्या. प्रत्येकीत तीन इंजिने, प्रत्येक इंजिनाला ४२ सिलिंडर आणि हवा दाबून भरण्याची सोय.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप वजनदार आहे, तो लपवणार नाही. सुपरचार्जर हवाच कशाला? सरळ मोठे इंजिन लावा, पट्टा नाही, गिअर नाही, बिघडायला एक वस्तू कमी. मर्क्युरी कंपनीने २००४ मध्ये सुपरचार्जर असलेले सहा सिलिंडरचे व्हेराडो आउटबोर्ड इंजिन आणले आणि २०१८ मध्ये ४.६ लिटरचे बिनसुपरचार्जरचे व्ही-८ व्हेराडो बाजारात उतरवले. म्हणजे हा आक्षेप कारखान्यालाही पटलेला दिसतो. पण त्याच ४.६ लिटर व्ही-८ वर ट्विन-स्क्रू बसवून त्यांनी पुढच्याच वर्षी ४५० अश्वशक्तीचे शर्यती इंजिनही काढले. जागा आणि वजन परवडत असेल तिथे मोठे इंजिन घ्यावे, हे मला मान्य आहे. छोट्या गस्ती बोटीत मात्र दोन्हींची टंचाई असते.

मग माझी निवड कोणती? शर्यतीची हलकी पेट्रोल बोट असेल तर सेंट्रिफ्यूगल आणि मोठा इंटरकूलर. पेट्रोलच हवे आणि भारही वाहायचा असेल तर ट्विन-स्क्रू, कमी दाबावर. आणि आपल्या तक्त्यातल्या बोटीसाठी, म्हणजे जवान घेऊन जाणाऱ्या आणि रात्री-अपरात्री निघणाऱ्या गस्ती बोटीसाठी, डिझेल इंजिन, त्यावर टर्बो आणि जोडीला छोटा यांत्रिक सुपरचार्जर. व्होल्वो पेंटाने आपल्या काही सागरी डिझेल इंजिनांत हेच केले आहे. सुरुवातीचा चढ सुपरचार्जर चढवून देतो, टर्बो नीट फिरू लागला की विद्युत-चुंबकीय क्लच सुपरचार्जरला सोडवतो आणि तो इंजिनाची ताकद खात बसत नाही. या रचनेत गुंतागुंत जास्त आहे आणि देखभालीला शिकलेला हात लागतो. पण शिकलेले हात तयार करणे हेच तर आपल्या शाळांचे काम आहे.

२००८ साली २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर वेगवान बोटी हव्यात हे सगळ्यांना पटले आहे. वेगवान म्हणजे कागदावर वेगवान नव्हे. भरलेली बोट किती सेकंदांत पाण्यावर चढते, आपल्या उन्हात आणि आपल्या इंधनावर किती तास सलग पळते, आणि गोळी लागली तर पेटते का, यावर तिचा वेग मोजावा. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रदर्शनातल्या इंजिनाच्या प्रत्येक तक्त्यावर अश्वशक्तीच्या शेजारी हे तीन रकाने सक्तीचे करावेत. ते भरता आले, तर सुपरचार्जर कोणता हे सांगायला मतदान लागणार नाही.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी