रेणू घडवायचे आणि उधळायचे

केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी 18 नोव्हेंबर 2025 रोजी प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याचा कालावधी 2025 ते 2029 असा ठरवला. पहिल्या आराखड्याची मुदत 2021 मध्येच संपली होती, तेव्हा मधली चार वर्षे हा देश कशाच्या आधारावर चालला, हा प्रश्न विचारणे भाग आहे. या काळात जंतूंनी रजा घेतलेली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर 2025 मधील अहवालानुसार 2023 मध्ये प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या जिवाणू-संसर्गांपैकी जगात सहामागे एक आणि भारत संघटनेच्या ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो तेथे तीनमागे एक संसर्ग प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. आराखडे उशिरा येतात, हे या देशाला नवे नाही. परंतु ज्या औषधांच्या भरवशावर हे आराखडे लिहिले जातात ती औषधे घडवण्यास किती काळ लागतो आणि ती निकामी करण्यास किती थोडा काळ पुरतो, याचे भान राज्यकर्त्यांना आहे असे दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगर येथील वोक्हार्टच्या संशोधनातून आलेल्या नॅफिथ्रोमायसिनचेच उदाहरण घ्यावे. एरिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही मॅक्रोलाइड कुळातील औषधे जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतील प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेला, चिकटून तिचे काम थांबवतात. यावर जिवाणूने शोधलेला उपाय असा की, त्या चिकटण्याच्या जागी एक मिथिल गट बसवायचा, जेणेकरून औषधाला तेथे पकड मिळू नये. औषधी रसायनशास्त्राने, म्हणजे रेणूच्या रचनेत हेतुपूर्वक फेरफार करून औषध घडवणाऱ्या शास्त्राने, एरिथ्रोमायसिनच्या वलयावरील क्लॅडिनोज नावाची शर्करा काढून टाकली, कारण हीच शर्करा जिवाणूला सावध करून मिथिल गट बसवण्यास प्रवृत्त करते. तिच्या जागी कीटो गट आणला आणि एक लांब बाजूची साखळी जोडली, जिच्या आधारे औषध रायबोसोमला दुसऱ्या ठिकाणीही धरून ठेवते. यातून निर्माण झालेल्या कीटोलाइड वर्गातील टेलिथ्रोमायसिनला 2004 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण यकृताला गंभीर इजा होऊ लागल्यामुळे 2007 मध्ये त्याच्या वापरावर कठोर मर्यादा आल्या आणि संशयाची सुई त्या साखळीतील पिरिडीन या घटकाकडे वळली. नॅफिथ्रोमायसिनच्या रसायनतज्ज्ञांनी ही साखळीच नव्याने घडवली, आणि रुग्णालयाबाहेर जडलेल्या न्यूमोनियासाठी रोज एकदा, तीनच दिवस घ्यायचे औषध तयार झाले. या कामाला सुमारे 14 वर्षे लागली.

20 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय विज्ञान राज्यमंत्र्यांच्या हस्ते या स्वदेशी औषधाचे अनावरण झाले आणि सरकारी यंत्रणेने त्याचे श्रेय मिरवले. या औषधावर 500 कोटी रुपये खर्च झाल्याचे सांगितले गेले. त्यात जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेचा वाटा तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांसाठी दिलेल्या 8 कोटींचा होता. शेकडा दोनही न भरणाऱ्या या वाट्यावर एवढी आतषबाजी शोभत नाही. प्रतिजैविक थोडे दिवस घेतले जाते आणि नवे प्रतिजैविक तर शक्यतो राखूनच ठेवावे लागते, त्यामुळे त्यातून मोठी कमाई होत नाही. म्हणूनच जगातील बड्या कंपन्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवली आहे आणि म्हणूनच येथे सरकारी पैसा अपरिहार्य ठरतो. असा सार्वजनिक पैसा या देशाने एकेकाळी घातलाही होता. पिंपरी येथे 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि तेथेच शास्त्रज्ञ थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधून काढले. त्याच कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2016 मध्ये घेतला. संशोधनाची एक संस्था आधी रखडू द्यायची, मग तिच्या जागेचा भाव काढायचा आणि त्यानंतर स्वदेशी प्रतिजैविकाचे सोहळे करायचे, ही रीत संतापजनक आहे.

औषध घडवल्यानंतर त्याची उधळपट्टी कशी होते, हे अ‍ॅझिथ्रोमायसिनने दाखवून दिले आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2019 या वर्षी भारतातील खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीची नोंद झाली. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील धरमपुरी-मनावरच्या बाजारपेठेपासून मुंबईपर्यंत सर्दीतापाच्या रुग्णाला, म्हणजे बहुधा विषाणूने आजारी पडलेल्या आणि त्यामुळे या गोळीचा काडीचाही उपयोग नसलेल्या माणसाला, ती चिठ्ठीशिवाय मिळू शकते. कुठे झोलाछाप डॉक्टर ती देतो, कुठे पदवीधर. नॅफिथ्रोमायसिन याच कुळातील आहे. काउंटरवरची ही विक्री थांबली नाही, तर संभाजीनगरच्या 14 वर्षांची तीच गत होईल.

गोळी विकण्याच्याही आधी, ती जेथे तयार होते तेथे काय चालते, हा प्रश्न धार जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जानेवारी 2025 मध्ये याच जिल्ह्यातील पीथमपूरला आणला गेला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यांचे भय रास्त होते. त्याच पीथमपूरमध्ये सिप्ला, लुपिन, इप्का अशा कंपन्यांचे औषध-कारखाने आहेत. कोणत्याही औषध-कारखान्याच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांचा अंश किती चालेल, याच्या मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 च्या मसुद्यात घातल्या होत्या. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम निघाले तेव्हा त्या मर्यादा त्यातून वगळलेल्या होत्या. पाण्यातील अत्यल्प प्रतिजैविकामुळे दुर्बल जिवाणू मागे पडतात, प्रतिरोधक तेवढे वाढतात आणि आपली प्रतिरोधाची जनुके शेजारच्या जातींनाही देतात, हे शास्त्राला ठाऊक असताना असे घडले. मर्यादा पाळण्यास खर्च येतो, ही कारखानदारांची तक्रार खरी असेल; पण तो खर्च आज न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला माणूस भरतो आहे.

मध्य प्रदेशाने केरळपाठोपाठ 2019 मध्येच आपला राज्य-आराखडा जाहीर केला होता, तेव्हा दिल्लीकडे बोट दाखवून भोपाळला सुटता येणार नाही. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीथमपूरच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांचे मोजमाप स्वतःहून सुरू करावे आणि आकडे दर तिमाहीला प्रसिद्ध करावेत. केंद्रानेही 2020 च्या मसुद्यातील मर्यादा कोणाच्या सांगण्यावरून गळल्या, हे सांगून त्या जशाच्या तशा परत आणाव्यात.