दगडाची धूळ आणि आपला खरेदीभाव

मालाचा भाव ठरविताना आपण व्यापारी मंडळी पै-पैचा हिशेब मांडतो. मूळ किंमत, हमाली, दलाली, गाडीभाडे, घट, उधारीवरील व्याज, सारे काही त्यात धरले जाते. परंतु तो माल तयार होताना जी धूळ उडते, ती कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही. ज्या मजुराच्या छातीत ती साचते त्याचे आयुष्य तेवढे तिच्यापायी खर्ची पडते. हा खर्च मालाच्या भावात धरला पाहिजे व तो धरण्याची सुरुवात खरेदीदाराने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. वार्षिक स्मरणिकेत हा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. पण बाजारात वर्षभर जो विषय कोणी काढीत नाही, तो निदान येथे तरी निघावा.

इंदूरहून बडोद्याकडे जाणारी वाट धार, झाबुआ, दाहोद, गोध्रा अशी उतरत जाते. या वाटेच्या दोन्ही टोकांना आपल्यापैकी कित्येकांच्या पेढ्या व सोयरे आहेत. याच वाटेने झाबुआ-अलीराजपूर भागातील आदिवासी मजूर पोटासाठी गुजरातेत उतरतात. गोध्र्याच्या परिसरात गारगोटीचा दगड भरडून त्याची पूड करणारे कारखाने आहेत. अशी पूड काचेच्या व चिनीमातीच्या धंद्यांना लागते. त्या कारखान्यांत राबलेले शेकडो मजूर दम लागून गावी परतले आणि ऐन उमेदीत मरण पावले. त्यांच्या वतीने 2006 साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. 2010 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि 4 मे 2016 रोजी न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम देण्याचा आदेश दिला. आता व्यापाऱ्याच्या रीतीने याचा हिशेब करून पाहा. 238 कुटुंबांचे 3 लाखांप्रमाणे 7 कोटी 14 लाख रुपये होतात. हे देणे न पूड विकणाऱ्याच्या अंगावर पडले, न ती विकत घेणाऱ्याच्या. ते सरकारी तिजोरीवर, म्हणजे तुम्हा-आम्हा करदात्यांवर पडले. स्वस्त म्हणून घेतलेला माल वस्तुतः किती स्वस्त होता, हे यावरून ध्यानी यावे.

या रोगाचे नाव सिलिकोसिस. दगडातील सिलिकेचे अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळतात व स्वतःच मरतात. त्या जागी व्रण धरतो, आणि मऊ फुप्फुस हळूहळू निबर होत जाते. अंगावर दिसणारी पांढरी धूळ आंघोळीने जाते. खरी घातक धूळ ती, जी डोळ्यांना दिसतच नाही. धूळ फार असेल तर थोड्या वर्षांत, क्वचित काही महिन्यांतही माणूस खचतो; कमी असेल तर दहा-वीस वर्षे लागतात. अशा छातीला क्षयही लवकर जडतो, म्हणून पुष्कळदा क्षयाचेच औषध चालू राहते व मूळ कारण झाकलेलेच राहते. झालेली हानी भरून काढील असे औषध आजही नाही. आपला समाज दवाखान्यांना देणग्या देण्यात कधी मागे राहिलेला नाही. पण ज्या रोगावर उपायच नाही, त्यासाठी मागाहून दिलेली देणगी मजुराला पावते तरी कशी? जे करावयाचे ते धूळ छातीत जाण्याआधीच केले पाहिजे.

आता मुखपट्टीविषयी. पाहणीचा दिवस आला की मजुरांच्या तोंडाला फडकी बांधली जातात व मालक निश्चिंत होतो. कापडाच्या फडक्यातून हे कण सहज आत जातात. चांगल्या प्रतीचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मुखवटा उपयोगी पडतो खरा, परंतु वैशाखाच्या उन्हात, यंत्राशेजारी, आठ-आठ तास तो बांधून कोण राहील? म्हणून जाणकारांनी मुखवट्याला उपायांमध्ये शेवटचे स्थान दिले आहे. दगड कापताना व फोडताना पाणी मारावे. पूड कोरडीच हवी असेल तर भरडयंत्र व चाळण्या पूर्णपणे बंदिस्त कराव्यात, जेथे धूळ उठते तेथूनच ती पंख्याने ओढून कापडी पिशव्यांच्या गाळणीत अडवावी, आणि कोरडा झाडू मारू नये. यात अवघड विद्या कोणतीच नाही, खर्च मात्र आहे. विजेचे बिल वाचविण्यासाठी धूळ ओढणारा पंखा बंद ठेवणारे महाभागही असतात. तेव्हा यंत्र बसविले एवढ्यावर समाधान मानू नये.

जुन्या पिढीने पाटीवर गिरविलेली पेन्सिल मंदसोरची असण्याचा संभव पुष्कळ. तेथील 593 कामगारांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली व तिचा अहवाल 1985 साली प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक कामगारांना हा रोग जडलेला आढळला. मुलांना अक्षर शिकविणाऱ्या वस्तूमागे एवढे दुःख असावे, हे मनाला लागते.

खंबायतचा अकीक तर जवाहिराच्या व्यापाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा. तेथे अनेक कारागीर घरातच सहाणेच्या चाकावर दगड घासतात. व्यापारी कच्चा दगड देतो, तयार मणी मोजून घेतो. मधल्या धुळीशी आपला संबंध नाही, असे तो समजतो. ती धूळ शेजारी चूल पेटविणाऱ्या स्त्रीच्या व रांगणाऱ्या मुलाच्याही छातीत जाते. कायदा येथे फारसा पोहोचत नाही. 1948 च्या कारखाने कायद्याची जागा ज्या संहितेने घेतली, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर व विजेविना चालणाऱ्याची 20 वरून 40 वर नेली. सुरक्षिततेच्या कर्तव्यांसाठी दहाची मर्यादा राखली आहे, हे खरे. पण नवरा-बायको व दोन मुले मिळून जे घर अकीक घासते, ते सरकारने खास अधिसूचना काढल्यावाचून या मोजणीत कसे यावे? जेथे सरकारी निरीक्षक जात नाही तेथे खरेदीदाराचा माणूस मात्र नेमाने जातो. म्हणूनच माझा रोख खरेदीदारावर आहे.

बेळगावकडील ओतशाळांतही हाच शत्रू निराळ्या वेषात असतो. ओतकामाची वाळू म्हणजे सिलिकाच. साचा फोडताना आणि ओतीव माल घासून साफ करताना ती धूळ होऊन उडते. ओतीव वस्तूंवर सिलिकायुक्त वाळूचा झोत मारून त्या साफ करण्यास ब्रिटनने 1949 च्या नियमांनी मनाई केली. पोलादी छऱ्यांनीही ते काम होते. इतक्या जुन्या शहाणपणाची विचारणा माल घेताना आपण करतो काय?

यावर एक आक्षेप येईल, व तो खोटा नाही. मी एकट्याने अट घातली तर कारखानदार माल शेजाऱ्याला देईल, मी दोन रुपये जादा दिले तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल. एकट्या दुकानदाराची ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच संघ असतो. वजनमाप, वटाव, उधारीची मुदत यांविषयी सर्वांनी एकाच नियमाने चालावे, असे व्यापारी संघ ठरवीत आले आहेत. त्याच रीतीने पुढील सर्वसाधारण सभेत एक ठराव यावा. दगडाची पूड, अकीक, ओतीव माल घेणाऱ्या सभासदांनी सौद्याच्या चिठ्ठीतच लिहून घ्यावे की, यंत्र बंदिस्त आहे, पंखा चालू असतो, मजुरांचा हजेरीपट आहे व वर्षातून एकदा त्यांच्या छातीची तपासणी होते. हजेरीपटाचा आग्रह यासाठी की, आपण कोठे राबलो याचा कागद नसल्याने आजारी मजुराला आपला हक्क शाबीत करणे कठीण जाते. घरी घासकाम करणाऱ्या कारागिरांसाठी, ज्यांना दगड दिला जातो त्या वस्तीत धूळ ओढणाऱ्या यंत्रांची एक सामाईक शेड व्यापाऱ्यांनी वर्गणीतून उभारावी व तिचे विजेचे बिल मण्यांच्या भावात धरावे. ठरावाचा मसुदा करून देण्यास मी तयार आहे; त्याला अनुमोदन देणारे दोन सभासद हवेत.