हुरडा आपला, हिशेब कुणाचा?



संक्रांतीच्या मागेपुढे बार्शीच्या रस्त्यांवर शनिवार दुपारपासून पुण्याकडच्या गाड्या वाढतात. पूर्वी या गाड्या येरमाळ्याला नाहीतर तुळजापूरला जाणाऱ्या असत. आता त्यातल्या काही मधेच रानात वळतात. आत बसलेली मंडळी देवाला नव्हे, हुरड्याला आलेली असतात. गाडीच्या मागच्या अंगाला लोखंडी जाळीची शेगडी, कोळशाची पिशवी आणि मसाला लावून डब्यात बंद केलेली कोंबडी असते. दुपारी हुरडा, रात्री जाळीवर कोंबडी. याला ते बार्बेक्यू म्हणतात. सुटीच्या दिवशी उघड्यावर विस्तव पेटवून भाजत बसणे हा शहरातल्या सुखवस्तू माणसाचा आता छंद झाला आहे.

त्याबद्दल नाक मुरडण्याचे आम्हाला काही कारण दिसत नाही. थंडीत विस्तवाभोवती बसून गरम गरम खावे, ही ओढ सगळ्यांनाच असते. रायगडकडे याच दिवसांत मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि कोंबडी घालून पोपटी लावतात. आपल्याकडे आगटी आहे. गोवऱ्यांचा आर पडला की त्यात कणसे खुपसायची, राखेतून काढून गरम असतानाच हाताने चोळायची, फुंकून तूस उडवायचे आणि शेंगाची चटणी, गूळ, दही, जमला तर हरभऱ्याचा हुळा घेऊन रानातच बसायचे. शहरातला माणूस शेगडी विकत घेऊन जे सुख शोधतो, ते आपल्या आज्यापणज्यांनी खर्चाविना भोगले. आमचा प्रश्न पैशाचा आहे. या हौसेचे पैसे होऊ लागले आहेत आणि ते कुणाच्या खिशात जातात याचा हिशेब आपण मांडत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत टेक्सास हे कापसाचे राज्य. तिथल्या लॉकहार्टसारख्या छोट्या गावांत जर्मन आणि चेक वंशाच्या खाटकांची दुकाने होती. न खपलेले मांस वाया जाऊ नये म्हणून ते धुरावर ठेवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वेचायला येणारे मजूर हे धुरावरचे मांस कागदात बांधून घेत आणि दुकानाच्या दारातच खात. ताट नाही, काटा-चमचा नाही. छातीचे चिवट मांस मंद धुरावर दहा-बारा तास ठेवले की मऊ पडते, म्हणून गरिबाच्या वाट्याला येणारा तो भाग चवीला लागला. आज त्याच मांसासाठी मोटारवाले लोक रांगा लावतात आणि भारी दाम मोजतात. दुकानांची भरभराट झाली. वेचणाऱ्यांच्या जागी यंत्रे आली.

लांब तरी कशाला जायचे? आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या कशा करत, ते त्यात आहे. गावाने ज्यांच्या ताटाला नावे ठेवली, त्यांनी मिळेल ते टिकवण्याची विद्या जोपासली. आज वाळवलेले आणि धुरावलेले मांस सुंदर पाकिटात घालून शहरातल्या दुकानात महागडे विकले जाते, तेव्हा कुणाला विटाळ होत नाही. ही नावे ठेवणाऱ्यांत आपण शेतकरी म्हणवणारेही होतो, हे इथे लिहून ठेवणे आम्हाला बरे वाटते.

आता आपल्या आगटीकडे येऊ. गेल्या हिवाळ्यात आमच्या एका कार्यकर्त्याच्या रानात काय झाले ते सांगतो. नाव सांगत नाही, बैठकीला आलेल्यांना ते समजेल. एक ठेकेदार आला. दहा गुंठे हुरड्याला द्या, उक्ते आठ हजार देतो म्हणाला. आमच्या मित्राने आम्हाला विचारले. आम्ही पदवीधर. तिथल्या तिथे आकडेमोड केली. त्याच्या कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल ज्वारी होते, म्हणजे दहा गुंठ्यांत एक क्विंटल. २०२५-२६ साठी मालदांडीची आधारभूत किंमत क्विंटलला ३,७४९ रुपये जाहीर झालेली. बाजारात ती मिळते की नाही हा वेगळा विषय, पण मिळाली असे धरले तरी आठ हजार म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय ताटे त्याचीच राहणार. ‘देऊन टाका,’ आम्ही म्हणालो.

ठेकेदार हुशार होता. त्याने ते दहा गुंठे पेरणीच्या आधीच ठरवले होते आणि तीन पट्ट्यांत, दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरायला लावले. एकदम पेरलेल्या ज्वारीचा हुरडा दहा-पंधरा दिवसांत टणक होतो. टप्प्याने पेरले की तो महिना-सव्वा महिना पुरतो. हे तंत्र आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो होतो. शेतकऱ्याला सांगितले मात्र ठेकेदाराने.

पाच आठवडे शनिवार-रविवार माणसे येत राहिली. गावातल्या पोरांनी मोजली, ३२० भरली. माणशी ६०० रुपये. म्हणजे १ लाख ९२ हजार. त्यात जेवण, चटण्या, मांडव, बैलगाडीची फेरी, जाहिरात असा ठेकेदाराचा खर्च होता, तो आम्ही नाकारत नाही. अर्धी रक्कम खर्चाची धरा. पण ज्या हुरड्याच्या नावाने माणसे आली, त्या हुरड्याबद्दल शेतकऱ्याला मिळाले माणशी २५ रुपये. गोवऱ्या त्याच्याच घरच्या, पाणी त्याच्या विहिरीचे. आणि पाखरे राखायला गोफण घेऊन महिनाभर उभा राहिला तो त्याचा मुलगा. कोवळ्या दाण्यावर पाखरांची झुंबड किती पडते ते ज्याने राखण केली त्यालाच ठाऊक. या राखणीचा एक रुपयाही आमच्या आकडेमोडीत नव्हता.

शेवटच्या रविवारी आम्ही रानात गेलो, तेव्हा तो म्हणाला, ‘सायेब, तुमीच म्हनला हुता दुप्पट हाय म्हून.’ रागावला नव्हता. त्यामुळे जास्त लागले.

आमची चूक कुठे झाली? हुरड्याची तुलना आम्ही ज्वारीच्या भावाशी केली. ज्वारी हे धान्य आहे. ते पोत्यात भरते, कोठारात राहते, आडत्याकडे जाते. हुरडा पोत्यात भरत नाही. दाणा चिकातून पुढे सरकून गोड असतो ते दिवस मोजके, आणि कणीस तोडल्यावर गोडी झपाट्याने उतरते. शहरातला माणूस २०० किलोमीटर येतो तो धान्यासाठी नव्हे. तो त्या चार दिवसांच्या गोडीसाठी, विस्तवासाठी आणि रानात बसण्यासाठी येतो. या तिन्ही गोष्टी आपल्या मालकीच्या आहेत आणि तिन्हींचा भाव आपण शून्य धरला.

एक आणखी मोठे शून्य आहे. कणसे चोळायला चार बाया होत्या, दिवसाला ३५० रुपये रोजावर. आरातून काढलेले कणीस गार झाले की दाणा नीट सुटत नाही, म्हणून ते गरमच चोळावे लागते. त्यातल्या एका मावशीने हात पुढे करून दाखवले. तळवे काळे आणि बोटांच्या टोकांना फोड. धुराने डोळे लाल. पाहुण्यांनी तिचे फोटो मात्र पुष्कळ काढले. आपण भावाची भाषा बोलतो ती पुरुषाच्या नावावरच्या सातबाराची. हुरड्यात दाण्याइतकीच किंमत चोळणाऱ्या हाताची आहे. ठेकेदाराऐवजी उद्या आपण मालक झालो आणि तिला तेच ३५० दिले, तर बदलले काय?

आता थोडे शेतीचे बोलू, कारण यात नुकसान होते आहे आणि कुणी लक्ष देत नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीवर मावा येतो, पानावर चिकटा पडतो. २०१८ पासून लष्करी अळीही आपल्याकडे आली आणि पोग्यात औषध टाकण्याची सवय लागली. धान्याला घ्यायच्या ज्वारीत फवारणी आणि काढणी यांत पुष्कळ दिवस जातात. हुरड्यात जात नाहीत. आज फवारले आणि परवा कणीस आगटीत, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाहुणा खातो, त्याआधी चोळणारीच्या हाताला लागते, आणि चाखत बसलेले आपलेच पोर असते. हुरड्याचा पट्टा वेगळा ठेवावा आणि त्यावर विषारी औषध मारू नये. मावा फार वाढला तर तो पट्टा धान्याला सोडून द्यावा.

दुसरे बियाण्याचे. मालदांडी ३५-१ हा वाण १९३०च्या दशकात आपल्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात निवड करून काढला. तो भाकरीचा आणि कडब्याचा राजा. पण हुरड्याला खरी चव गूळभेंडी, सुरती, कुचकुची या जुन्या जातींची. राहुरीच्या विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर, परभणीच्या विद्यापीठाने परभणी वसंत हे हुरड्याचे वाण दिले आहेत, तेही लावून पाहावेत. जुन्या जातींचे बी मात्र घरोघरच्या म्हाताऱ्यांनी गाडग्यात राखले म्हणून टिकले. आता होते काय, पाहुणा रानात शिरतो आणि सगळ्यात टपोरे कणीस तोडतो. मग बियाण्याला राहते ते किडके-मिडके. दोन-चार वर्षांत जात घसरते आणि आपण म्हणतो पूर्वीची गोडी राहिली नाही. चांगली दोन-तीनशे कणसे आधीच चिंधी बांधून राखावीत आणि त्यांना कुणाचाही, जावयाचासुद्धा, हात लागू देऊ नये.

तिसरे जनावरांचे. हुरड्याला कणसे खुडलेली ताटे हिरवी असतात. त्यांचा चारा चांगला, वाळल्या कडब्याहून रसाळ. पण ती तशीच उभी ठेवली आणि बुडातून कोवळे फुटवे आले, तर त्यात गुरे सोडू नयेत. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीने किरळ लागते आणि जनावर तासा-दोन तासांत हातचे जाते. ताटे वेळेवर कापून मुरघास करावा.

आता कोंबडी-मटणाविषयी. इथे आम्हाला जरा जपून बोलावे लागते. बारस सोडण्यावरून ज्या गावाला बार्शी नाव पडले असे सांगतात, तिथल्या भगवंताच्या सभामंडपात बसणारे पुष्कळ माळकरी आमच्या संघटनेत आहेत. हुरड्याला सगळे एका घोंगड्यावर बसतात, मटणाची चूल पेटली की पंगत दुभंगते. ते आपापसांत समजून घेऊ. पण ज्यांच्या दारात शेळी आहे, त्यांनी हे पाहावे. पाहुणा डब्यातली कोंबडी शहरातून आणतो, जळण आपले वापरतो आणि प्लॅस्टिक बांधावर टाकून जातो. त्याच गावात उस्मानाबादी जातीची शेळी, जी घरच्या बाईची खरी तिजोरी आहे, व्यापारी पाठीवर हात फिरवून उक्ती घेऊन जातो. वजनकाटा नाही, पावती नाही. पाहुण्याला विस्तवावर भाजलेले मांस हवेच असेल तर ते याच शिवारातल्या बोकडाचे असावे, किलोवर विकलेले असावे, आणि पैसे जिने शेळी पाळली तिच्या हातात पडावेत. एवढी साधी गोष्ट आजवर आम्ही कुठल्याच बैठकीत बोललो नाही.

काही कार्यकर्ते म्हणतात, हुरड्याचे पैसे घेणे हीच मुळात लाजिरवाणी गोष्ट आहे. आलेल्याला हुरडा खाऊ घालणे ही आपली रीत. आम्हालाही ते पटते, आणि म्हणूनच पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत फरक करायला हवा असे वाटते. लेक, जावई, मेहुणे, पुण्याला नोकरीला गेलेला भाऊ, त्याचा मित्र, शाळेतले मास्तर हे पाहुणे. त्यांच्याकडून पैसे घेण्याची वेळ येऊ नये. पण जो ठेकेदाराला ६०० रुपये मोजून आला आहे, तो गिऱ्हाईक आहे. त्याला आपण पाहुणा समजलो आणि आपल्या पाहुणचाराचे पैसे ठेकेदाराने घेतले, अशी ही गंमत आहे.

२०२० साली राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण आणले. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले आणि ज्वारीवर भाषणे झाली. त्यातून कुणाचे भले झाले असेल तर आनंद आहे. आम्हाला मात्र एक शंका आहे ती लपवत नाही. रस्त्याकडेच्या रानाला हे जमेल. वैरागच्या आत, पांगरीच्या डोंगराकडेला जिथे पावसाळ्यात दुचाकी जात नाही, तिथे कुणी गाडी घेऊन हुरडा खायला येणार नाही. आणि प्रत्येक गावाने आगटी पेटवली तर कांद्याचे होते तेच याचे होईल. म्हणून कुणी हुरड्याच्या भरवशावर अख्खे रान टप्प्याने पेरू नये. पाच-सहा घरांनी मिळून, घरटी चार-पाच गुंठे, एवढाच खेळ करून पाहावा. आतल्या गावांनी कणसे खुडून रस्त्याकडेच्या गावाला वजनावर द्यावीत, आणि तिथल्या शेतकऱ्याने त्यांच्याशी ठेकेदारासारखे वागू नये.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ज्यांनी गेल्या हंगामात हुरडा दिला त्यांनी गुंठे, आलेली माणसे, मिळालेले पैसे, गोवऱ्या, राखणीचे दिवस आणि चोळणाऱ्या बायांचा रोज कागदावर लिहून आणावा. बायांनाही बरोबर आणावे, रोजाचा आकडा त्यांच्या तोंडून ऐकायचा आहे. आमचा तो कार्यकर्ताही येणार आहे. ठेकेदाराचा त्याला फोन येऊन गेला, यंदा दहा हजार देतो म्हणाला. त्याने अजून होकार दिलेला नाही आणि या खेपेस आम्हाला विचारलेही नाही.