पाणी प्या म्हणतो खरं, पण कसारा लोकलमध्ये कसं प्यायचं?

लघवीला जळजळ होते म्हणून दवाखान्यात येणाऱ्या स्त्री पेशंटला मी तपासण्याआधी एक प्रश्न विचारतो. सकाळी घरून निघाल्यावर पहिल्यांदा लघवीला कधी जाता? त्या जर आसनगावहून लोकल धरून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या असतील, तर उत्तर ठरलेलं असतं: "ऑफिसला पोचल्यावर." पुढचा प्रश्न, सकाळपासून पाणी किती पिता? यावर बहुतेक जणी हसतात. "डॉक्टर, पाणी पिऊन गाडीत बसू कशी?"

आम्ही डॉक्टर मंडळी प्रत्येक चिठ्ठीच्या तळाला "भरपूर पाणी प्या" असं लिहून मोकळे होतो. मला वाटतं, शहापूर-मुरबाडच्या चाकरमान्यांना हा सल्ला नुसता लिहून देणं म्हणजे अर्धंच औषध देणं आहे. उरलेलं अर्धं लोकलच्या वेळापत्रकात अडकलंय.

हिशेब करून बघा. शहापूर गावातून आसनगाव स्टेशन तीनेक किलोमीटर. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, मग गाडी. आसनगाव ते सीएसएमटी साधारण पंच्याऐंशी किलोमीटर, गाडीत दोन तास किंवा त्याहून जास्त. खर्डी, आटगाव, कसाऱ्याच्या लोकांना त्याहून अधिक. दादरला उतरून पश्चिम रेल्वेने अंधेरीला जायचं असेल तर आणखी पाऊण-एक तास. म्हणजे पावणेसहाला घर सोडलेली बाई सव्वानऊच्या आधी बाथरूमपर्यंत पोचत नाही. संध्याकाळी हेच उलट्या दिशेने. मुरबाडकरांना तर रेल्वेच नाही. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, पण रूळ काही दिसले नाहीत. ते आधी एसटीने नाहीतर जीपने कल्याण किंवा बदलापूर गाठतात आणि मग लोकलच्या गर्दीत शिरतात. त्यांच्या हिशेबात तासभर आणखी मिळवा.

हे सगळं गाडी वेळेवर असली तर. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे वर्षानुवर्षं एक मार्ग जायला आणि एक यायला, एवढ्यावरच सगळा कारभार चालत आलाय. त्याच रुळांवरून नाशिककडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आपली लोकल. एक्स्प्रेस उशिरा धावत असली की तिला पुढे काढायला लोकल थांबवतात. कसाऱ्याच्या बाजूला मालगाडीचं इंजिन बंद पडलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा. सिग्नल बिघडतो, पेंटोग्राफ तुटतो, पावसात दरड येते, रविवारी मेगाब्लॉक असतो. तिसऱ्या मार्गिकेचं काम बरीच वर्षं रेंगाळत चाललंय. लोकलही आपल्याकडे ठाण्यासारख्या पाच-पाच मिनिटांनी नसतात. एक चुकली तर पुढची कधी कधी तासाने. त्यामुळे "मध्ये कल्याणला उतरून जाऊन यायचं" हा सल्ला कागदावरच बरा. उतरलात तर सीट गेली, लेटमार्क लागला आणि पुढच्या गाडीत चढता येईल याची खात्री नाही.

लोकलच्या डब्यात शौचालय नाही, कारण या गाड्या जवळच्या प्रवासासाठी म्हणून बनवल्या गेल्या. 3 फेब्रुवारी 1925 ला पहिली विजेची लोकल धावली ती व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. तेवढ्याला शौचालय कशाला हवं? पण मुंबई वाढत गेली, घरं महाग होत गेली आणि त्याच जातीची गाडी आता सुमारे एकशेवीस किलोमीटरवरच्या कसाऱ्यापर्यंत माणसं भरून आणते. लांब पल्ल्याच्या गाडीत खालच्या वर्गालाही शौचालय हवं ही गोष्टसुद्धा सहज पटली नव्हती. 1909 साली बंगालमधल्या ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. फणस जास्त खाल्ला, वाटेत स्टेशनवर शौचाला उतरलो आणि गार्डने तेवढ्यात गाडी सोडली, अशी. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेलं आहे. लोक वाचून हसतात. आसनगावच्या प्रवाशाला मात्र त्यात हसण्यासारखं फार काही सापडणार नाही.

आता शरीरात काय होतं ते. मूत्राशयात साधारण चारशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. बऱ्यापैकी पाणी पिणाऱ्या निरोगी माणसाला तीन-चार तासांनी जावंसं वाटतं. एखाद्या दिवशी रोखून धरली म्हणून कुणाची किडनी खराब होत नाही, ती भीती मनातून काढून टाका. त्रास रोजच्या सवयीचा आहे. लघवी हीच मूत्रमार्गाची धुलाई असते. आत शिरू पाहणारे जंतू प्रत्येक वेळी वाहून जातात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांब, त्यामुळे जंतूंना वर चढायला अंतर कमी. पाणी कमी प्यायचं आणि झालेली लघवीही तासन् तास आत ठेवायची, असं दोन्ही बाजूंनी झालं की ही धुलाई थांबते. जळजळ, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं, ओटीपोटात दुखणं सुरू होतं. थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर पाठीत दुखू लागलं तर संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मेडिकलवाल्याकडून मागच्या वेळचीच गोळी आणू नका. गरोदर बाईने तर नुसत्या जळजळीकडेही दुर्लक्ष करू नये, कारण त्या काळात हा संसर्ग किडनीकडे लवकर जातो आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो.

पुरुष यातून सुटलेत असं नाही. उन्हाळ्यात घाम गाळत, पाणी टाळत प्रवास करणाऱ्याची लघवी घट्ट होते आणि मुतखडा व्हायला आयती संधी मिळते. ज्याला एकदा खडा होऊन गेलाय त्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला हवं. साठीच्या पुढच्या, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने फार वेळ रोखून धरली तर कधी कधी लघवी पूर्णच अडकते आणि नळी घालावी लागते.

एक गोष्ट मला कायम खटकते. आपल्याच तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातशाचा. हे पाणी पाइपातून रोज मुंबईला बिनबोभाट पोचतं. त्याच तालुक्यातली बाई मात्र घोटभर पाणी न पिता मुंबईला पोचते. (उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.)

बीपीच्या पेशंटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे खरा घोळ होतो. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. गोळीच्या नावापुढे बऱ्याचदा इंग्रजी "एच" दिसतो, तो त्याचाच. गोळी सकाळी घेतली की गाडीत पंचाईत होते, हे पेशंटच्या लवकर लक्षात येतं. मग तो कामाच्या दिवशी गोळी गाळतो आणि रविवारी घेतो. डॉक्टरला सांगत नाही. डॉक्टर बीपी वाढलेलं बघून डोस वाढवतो. हृदयाच्या आजारासाठी पाणी कमी करणारी गोळी घेणाऱ्यांचंही तेच. मनाने गोळी बंद करू नका. "डॉक्टर, मी दोन तास लोकलमध्ये असतो" एवढं सांगा. वेळ बदलता येते, कधी गोळीही बदलता येते.

मधुमेहाचं त्याहून जपून. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घरी घ्यायची आणि नाश्ता ऑफिसला पोचून करायचा, हा बेत गाडी वेळेवर असेल तरच निभतो. वाशिंद-खडवलीच्या मध्ये गाडी पाऊण तास उभी राहिली की औषध आपलं काम करत राहतं आणि पोटात काही नसतं. हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं सुन्न होतं. गर्दीत सगळ्यांनाच घाम आलेला असतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या लक्षातही येत नाही. खाल्ल्याशिवाय ते औषध घेऊन घर सोडू नका. खिशात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. बिस्किटांपेक्षा ती लवकर लागू पडते.

गर्दीत चक्कर येणं हे वेगळं प्रकरण. उपाशी पोट, कमी पाणी, उकाडा आणि तासभर एकाच जागी खिळून उभं राहणं, यामुळे रक्त पायांत साचतं आणि मेंदूला कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खचतो. खाली पडला असता तर मेंदूला रक्त मिळून तो आपोआप शुद्धीवर आला असता. पण लोकलमध्ये पडायलाही जागा नसते. शेजारचे चार जण चांगल्या मनाने त्याला धरून उभाच ठेवतात, आणि तिथेच चुकतं. त्याला आडवं करा, ते जमत नसेल तर खाली बसवून डोकं गुडघ्यांकडे वाकवा. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. दोन स्टेशनांच्या मध्ये साखळी ओढू नका. गाडी जंगलात उभी राहील आणि मदत तिथे पोचायला वेळ लागेल. पुढच्या स्टेशनवर उतरवा, 139 वर फोन करा. आणि अंधारी येतेय असं स्वतःला जाणवलं तर पायांची कैची करून मांड्या घट्ट आवळून धरा, काही सेकंदांत रक्तदाब थोडा वर येतो. छातीत दुखत असेल, दम लागला असेल किंवा शुद्ध लवकर आली नाही तर ती साधी चक्कर समजू नका.

चौथ्या सीटबद्दलही दोन शब्द. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून अर्ध्या मांडीवर टेकून दोन तास काढणाऱ्यांची कंबर मला लगेच ओळखू येते. एका बाजूला झुकून बसल्याने पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. पाठदुखी असेल तर अर्धा वेळ उभं राहणं जास्त सोयीचं. संध्याकाळी दादरहून उलटं सीएसएमटीला जाऊन सीट धरून येणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. कंबरदुखीच्या पेशंटला मी तेच करायला सांगतो.

दाराबद्दल मात्र मी कुणाची गंमत ऐकून घेत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. त्यातली एक गाडी कसाऱ्याहून निघालेली होती. "आत का जात नाहीत" असं टीव्हीसमोर बसून म्हणणं सोपं आहे. आत जागाच नसेल तर माणूस जाणार कुठे? आणि उशिरा आलेल्या गाडीत दोन गाड्यांची माणसं असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की गाडीचा वक्तशीरपणा हा आरोग्याचाच विषय आहे. गाड्यांत शौचालय बसवा अशी मागणी अधूनमधून होते. गर्दीत तिथपर्यंत पोचणार कोण, ही शंका रास्त आहे. तरी कसारा आणि खोपोलीच्या गाड्यांत निदान महिलांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यात प्रयोग करून बघायला काय हरकत आहे? परळला टाटा किंवा केईएमला जाणारे पेशंट याच गाडीने जातात. त्याआधी सोपी गोष्ट: स्टेशनवरचं शौचालय पहाटेच्या पहिल्या लोकलच्या आधी उघडं असावं, आत दिवा, पाणी आणि लागणारी कडी असावी. प्रवासी संघटनांनी गाड्यांच्या मागणीबरोबर ही मागणीही दरवेळी लावून धरावी. मुंबईत 2011 पासून "राइट टू पी" म्हणून स्त्रियांच्या मोफत, स्वच्छ मुतारीसाठी चळवळ चालू आहे. तो विषय आसनगावच्या फलाटावरही यायला हवा.

तोवर तुमच्या हातात आहे तेवढं करा. उठल्या उठल्या एक-दोन पेले पाणी प्या, म्हणजे निघेपर्यंत तासभर मिळतो आणि त्याचा बराचसा भाग घरीच बाहेर पडतो. निघताना घाई न करता लघवीला जा, मिनिटभर थांबून पुन्हा एकदा. गाडीत बसण्याआधीचा चहा टाळा, चहाने मूत्राशय चाळवतं. गाडीत कोरडं पडलेलं तोंड ओलं करण्यापुरते घोट घ्यायला काहीच हरकत नाही. दिवसाचं मुख्य पाणी ऑफिसात दहा ते चारच्या दरम्यान थोडं थोडं करून पिऊन टाका, निघण्याआधीच्या तासात हात आवरा, उरलेलं घरी आल्यावर. लघवीचा रंग फिकट गवतासारखा असला की पाणी पुरतंय. हार्ट किंवा किडनीच्या आजारात पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांचाच आकडा पाळा.

पोट भरून करायच्या सोनोग्राफीला, जिथे लघवी रोखूनच यायला सांगतात, तिथे आमचे आसनगावचे पेशंट अगदी तयारीचे असतात, हे सोनोग्राफीवाले डॉक्टर हसून सांगतात. ते सोडून बाकी कुठल्याही तक्रारीसाठी दवाखान्यात याल तेव्हा औषधांच्या पट्ट्या आणाच, आणि कितीची गाडी धरता, परत कितीला येता, मध्ये कुठे उतरता, हे एका कागदावर लिहून आणा.