पेटी आजोबांची, संगणक नातीचा



१९९६ साली वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून घरात संगणक आणला. हप्ते फिटेपर्यंत त्यांनी नवा सदरा शिवला नाही. पुढे तो संगणक निकामी झाला, वडीलही गेले. पण पिवळट पडलेले लोखंडी कॅबिनेट आईने भंगारवाल्याला दिले नाही. यंदा लेकीला अभ्यासासाठी संगणक हवा होता. ती म्हणाली, "बाबा, आजोबांच्याच पेटीत बसवू या."

आम्ही पेटी घेऊन बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. जुने बटण नव्या मदरबोर्डला जोडण्याचा माझा विचार होता. तो ऐकताच एका दुकानदाराने हात धरला. "साहेब, आधी हे बटण काढा!"

कारण नीट समजून घ्या. त्या काळच्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत घरातली २३० व्होल्टची वीजच येत असे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स पद्धत आणली. तीत बटण मदरबोर्डला फक्त इशारा देते. वीज अगदी कमी दाबाची असते. जुना वीजपुरवठा तसाच ठेवून बटण जोडले असते, तर मदरबोर्ड जळाला असता आणि लेकीच्या जिवावरही बेतले असते. म्हणून जुना एसएमपीएस तारांसकट काढून टाका. तो उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही आत काही काळ वीज साठून राहते.

जुन्या पेटीला मागे कीबोर्डपुरते गोल भोक असते. नव्या मदरबोर्डच्या जोडण्यांसाठी सुमारे १६ सें.मी. लांब व साडेचार सें.मी. उंच खिडकी कापावी लागते. पत्रा कापताना पेटी पूर्ण रिकामी हवी. कडा कानशीने घासा, लोखंडाचा कीस पुसून काढा. एक कण राहिला तरी शॉर्टसर्किट होऊ शकते. आम्ही १७ सें.मी. चौरस मिनी-आयटीएक्स बोर्ड घेतला. त्याला चारच पितळी स्टँडऑफ लागतात. बोर्डाखाली जुना एकही स्टँडऑफ ठेवू नका.

जुन्या पेटीत हवा कमी खेळते. पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा, असे दोन पंखे बसवा. प्लग तीन पिनांचा आणि घरातले अर्थिंग चांगले असावे.

राहिला प्रश्न बटणाचा. जुने बटण दाबले की दाबलेलेच राहते, ते इथे चालत नाही. नव्या बोर्डला बटण चार सेकंद दाबून धरले की यंत्र बंद पडते. त्याच पेटीवरचे रीसेट बटण मात्र दारावरच्या घंटीसारखे परत वर येते. त्याच्या दोन तारा बोर्डच्या पॉवर पिनांना जोडल्या.

यंत्र अडकले की वडील हेच बटण दाबून ते पुन्हा सुरू करीत. आता रोज संध्याकाळी लेक त्याच बटणाने अभ्यासाला सुरुवात करते. आई शेजारी बसून पाहते.