हुलाहूप आणि केटी

हॉस्टेलवर कुणाला केटी लागली की सांत्वनाला तोटा नसतो. "अरे, मोठमोठे लोक नापास झालेत!" मला हे काही पटत नाही. त्यापेक्षा हुलाहूपची गोष्ट ऐका.

ऑस्ट्रेलियातली मुलं बांबूच्या रिंगा कमरेभोवती फिरवत. त्यावरून कॅलिफोर्नियाच्या व्हॅम-ओ कंपनीने १९५८ मध्ये प्लास्टिकची रिंग काढली. चार महिन्यांत अडीच कोटी खपल्या!

हे प्लास्टिक आलं कुठून? १९५१ साली ओक्लाहोमात, फिलिप्स पेट्रोलियममध्ये होगन आणि बँक्स हे दोघे पेट्रोलसाठी प्रयोग करत होते. पेट्रोल राहिलं बाजूला, नळीत पांढरा घट्ट पदार्थ साचला. त्याच वाटेने पुढे मार्लेक्स, म्हणजे हाय डेन्सिटी पॉलिथिलीन मिळालं. कंपनीने प्लांट टाकला, पण माल एकसारखा निघेना. गिऱ्हाईक नाही, गोदामं भरलेली. हुलाहूपला मात्र तो माल चालला आणि गोदामं रिकामी झाली.

इथे सगळे टाळ्या वाजवतात. माझा मुद्दा पुढेच आहे. हुलाहूपचं वेड काही महिन्यांत ओसरलं. मधल्या काळात इंजिनिअरांनी प्लांटमधले दोष काढले, म्हणून मार्लेक्स टिकलं. नाहीतर माल परत गोदामातच!

मित्रांनो, एम-थ्रीने मलाही दोनदा धरलंय. केटी म्हणजे आपल्याला मिळालेला हुलाहूप : वर्ष वाचतं, वेळ मिळतो. पहिल्या वेळी तो वेळ मी कॅरमवर घालवला. रिंग खाली पडली. आता पुस्तक उघडलंय. बघू!