सर्व्हरला कुलूप आहे, पण ते लावलंय का? बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकांनी विचारावा असा प्रश्न

2025 च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नडेला यांनी बारामतीच्या ऊस शेतीचं कौतुक केलं आणि तो व्हिडिओ अनेकांच्या मोबाईलवर फिरला. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मदतीने उसासाठी एआय वापरायला सुरुवात केली होती. शेतातले सेन्सर, उपग्रहाची छायाचित्रं आणि हवामानाचे आकडे एकत्र करून पिकाला काय हवंय याचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो.

त्याच वर्षी 15 एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने 500 कोटी रुपयांच्या तरतुदीसह कृषी क्षेत्रासाठी एआय धोरण मंजूर केलं.

थोडक्यात, शेतकऱ्याची जमीन, पीक, आधार आणि बँक खातं यांची माहिती आता कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर असते. बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. शिवाय दूध संस्था, पतसंस्था आणि बँका आहेतच.

या माहितीला पासवर्ड असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एकदा कुणी आत शिरलंच, तर तो कुठपर्यंत जाऊ शकतो? याचं उत्तर पासवर्डपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून असतं. तिचं नाव आहे मॅन्डेटरी ॲक्सेस कंट्रोल, म्हणजेच सक्तीचं प्रवेश नियंत्रण. सोयीसाठी त्याला 'मॅक' म्हणतात.

सर्व्हरवर काम कोण करतं?

सर्व्हरसमोर दिवसभर माणूस बसलेला नसतो. काम करतात ते मागे सतत चालू असलेले प्रोग्रॅम. लिनक्सच्या भाषेत त्यांना 'डीमन' म्हणतात. एक डीमन वेबसाइट दाखवतो, दुसरा डेटाबेस सांभाळतो, तिसरा रात्री बॅकअप घेतो, चौथा एसएमएस पाठवतो.

समजा, एका कारखान्याचा असा सर्व्हर आहे. वजनकाट्यावरून उसाचं वजन येतं, त्याची नोंद होते, पावती निघते आणि पुढे बिल तयार होतं. सभासदांना आपला टनेज घरबसल्या बघता यावा म्हणून त्याच सर्व्हरवर एक वेबसाइटही आहे.

आता या वेबसाइटच्या प्रोग्रॅममध्ये एखादी त्रुटी निघाली आणि तिचा फायदा घेऊन कुणीतरी आत शिरलं. वेबसाइटला फक्त टनेज दाखवायचंय. पण तिचा डीमन सर्व्हरवरच्या इतर फाइल्सही वाचू शकत असेल, तर शिरणारा माणूस बँक खात्यांच्या यादीपर्यंत आणि बॅकअपपर्यंत पोहोचतो. दार एकाच खोलीचं फुटलं, पण वाडा सगळा उघडा पडला.

विहिरीचं पाणी आणि कालव्याचं पाणी

मॅक समजून घ्यायला नीरा डावा कालवा उपयोगी पडेल. वीर धरणातून निघणारा हा कालवा पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत जातो.

शेतकऱ्याची स्वतःची विहीर असेल, तर पाणी कुणाला द्यायचं हे तोच ठरवतो. वाटलं तर शेजाऱ्याला देईल, नाही तर नाही. कॉम्प्युटरमधली नेहमीची परवानगीची पद्धत अशीच आहे. फाइलचा मालक ठरवतो की ती कुणी वाचायची, कुणी बदलायची. अडचण अशी की मालकाच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम हल्लेखोराच्या ताब्यात गेला, तर मालकाचे सगळे अधिकारही त्याच्याकडे जातात. तो प्रोग्रॅम 'रूट', म्हणजे सर्वाधिकारी खात्यावरून चालत असेल, तर विचारायलाच नको.

कालव्याचं तसं नाही. कालवा बांधावरून जात असला तरी पाणी मिळण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरावा लागतो. आवर्तन कधी, कुठल्या चारीला किती दिवस, हे पाटबंधारे खातं ठरवतं. आपल्या वाट्याचं पाणी परस्पर दुसऱ्याकडे वळवण्याचा अधिकार लाभधारकाला नसतो, मग तो गावचा सरपंच का असेना.

मॅक म्हणजे सर्व्हरच्या आतलं पाटबंधारे खातं. कुठला डीमन कुठली फाइल वाचेल, कुठे लिहील, कुठल्या पोर्टवरून बाहेर बोलेल, याची यादी आधीच ठरलेली असते. यादीत नाही ते मिळत नाही. नियमात बांधलेला डीमन रूटच्या अधिकाराने चालत असला तरी त्याला हाच नियम लागू होतो.

हे कुलूप नवीन आहे का?

नाही. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने तयार केलेलं एसई-लिनक्स डिसेंबर 2000 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. 2003 मध्ये ते लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं. आज रेड हॅट आणि तिच्या जातकुळीतल्या सर्व्हरवर ते सुरुवातीपासूनच चालू असतं. उबुंटूमध्ये हेच काम ॲपआर्मर करतं. दोन्हींसाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

दोघांची पद्धत मात्र वेगळी आहे. एसई-लिनक्स प्रत्येक फाइलला आणि प्रत्येक प्रोग्रॅमला एक लेबल लावतं आणि कुठल्या लेबलने कुठल्या लेबलला हात लावायचा ते ठरवतं. ॲपआर्मर फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, म्हणजे तिचा पत्ता काय, हे बघतं.

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर एसई-लिनक्स तुमच्या खिशातही आहे. 2014 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 5 पासून ते फोनमध्ये पूर्ण सक्तीने चालतं.

याचा उपयोग होतो का? फेब्रुवारी 2019 मध्ये 'रन-सी' नावाच्या प्रोग्रॅममधली गंभीर त्रुटी उघड झाली. जगभरातले कंटेनर, म्हणजे एकाच सर्व्हरवर वेगवेगळे चालणारे ॲप्लिकेशनचे डबे, तिच्यावर चालतात. या त्रुटीमुळे डब्यातून बाहेर पडून अख्खा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. रेड हॅटच्या ज्या सर्व्हरवर एसई-लिनक्स सक्तीच्या स्थितीत होतं, तिथे दुरुस्ती येण्याआधीही हा मार्ग बंद होता.

मग लोक ते बंद का करतात?

एसई-लिनक्सच्या तीन स्थिती असतात. 'एन्फोर्सिंग' म्हणजे नियम मोडणाऱ्याला अडवणं. 'परमिसिव्ह' म्हणजे अडवायचं नाही, फक्त वहीत नोंद करायची. 'डिसेबल्ड' म्हणजे यंत्रणाच बंद.

पुन्हा त्याच काल्पनिक कारखान्याकडे येऊ. गाळप ऐन भरात आहे, उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलीय आणि सॉफ्टवेअर अपडेटनंतर काट्यावरून पावतीच निघत नाही. बाहेरच्या कंपनीचा तंत्रज्ञ फोनवरून सांगतो, "एसई-लिनक्स बंद करा." एक ओळ टाइप होते, पावत्या निघायला लागतात आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ती ओळ मागे घ्यायला मात्र कुणीही परत येत नाही.

ही सवय जगभर आहे. एसई-लिनक्स बंद करू नका, एवढंच सांगण्यासाठी एका अभियंत्याने वेगळी वेबसाइट काढली, यावरून ती किती जुनी आणि चिवट आहे ते कळतं.

गंमत म्हणजे अशा वेळी बिघाड बहुतेकदा किरकोळ असतो. एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवलेली फाइल आपलं जुनं लेबल सोबत घेऊन जाते. नव्या जागी वेब सर्व्हरला ते लेबल परकं वाटतं आणि तो अडतो. योग्य लेबल परत लावणं हे एका कमांडचं काम आहे. त्यासाठी अख्खी यंत्रणा बंद करणं म्हणजे एका चारीचं दार अडकलं म्हणून कालवाच फोडण्यासारखं झालं.

नीट लावायचं कसं?

पहिली पायरी यादीची. सर्व्हरवर कोणते डीमन चालतात, त्यातले कुठले खरंच लागतात? जे लागत नाहीत ते आधी बंद करायचे.

दुसरी पायरी निरीक्षणाची. नवीन नियम लावताना आख्खा सर्व्हर परमिसिव्ह करायची गरज नसते. ज्या डीमनचं काम चालू आहे तेवढाच परमिसिव्ह ठेवता येतो, बाकीच्यांवर सक्ती कायम राहते.

हे निरीक्षण किती दिवस करायचं, इथेच घोळ होतो. दोन दिवसांच्या नोंदी पुरत नाहीत. वजनाची नोंद रोज होते, पण बिल पंधरवड्याने निघतं आणि हंगामाचा हिशोब वर्षातून एकदाच. जे काम निरीक्षणाच्या काळात झालंच नाही, ते नियमांत येत नाही आणि नेमकं बिलाच्या दिवशी अडतं. म्हणून कामाचं पूर्ण चक्र एकदा फिरू द्यावं लागतं, निदान चाचणीच्या सर्व्हरवर तरी.

तिसरी पायरी वाचनाची. नोंदींवरून आपोआप नियम तयार करून देणारं साधन एसई-लिनक्ससोबत येतं. पण ते 'हे अडलं होतं, म्हणून याला परवानगी' एवढंच जाणतं. ही मागणी योग्य होती का, हे त्याला कळत नाही. वेबसाइटचा डीमन पासवर्डची फाइल मागत असेल, तर त्याला परवानगी द्यायची नसते, तो का मागतोय हे शोधायचं असतं.

चौथी पायरी सक्तीची. एन्फोर्सिंग चालू करायचं आणि नंतरही नोंदी वाचत राहायच्या. डीमनला अचानक नकार मिळू लागले, तर तो कुणीतरी आत शिरल्याचा पहिला इशारा असू शकतो.

कारखान्यांसाठी यातली बहुतेक कामं हंगाम बंद असताना होऊ शकतात. बॉयलर अग्निप्रदीपनाआधी जशी यंत्रांची देखभाल उरकतात, तसंच हेही.

यामुळे सगळे हल्ले टळतात का?

नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे 94 कोटी रुपये चोरले गेले. हल्लेखोरांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली आणि 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. मार्च 2021 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांचं ऑनलाइन काम थांबलं. बारामती आणि इंदापूरजवळच्या लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहती याच महामंडळाच्या आहेत.

एका मॅकने हे हल्ले थांबले असते, असा दावा करता येत नाही. चोरलेल्या पासवर्डने कुणी रीतसर आत आलं, तर मॅकच्या लेखी तो अधिकृतच असतो. ज्या प्रोग्रॅमचं कामच खाते क्रमांक बदलणं आहे, त्याच्याकडून चुकीचा क्रमांक टाकून घेतला तर मॅकला ते ओळखता येत नाही. कर्नलमध्येच त्रुटी असेल तर मॅकही वळसा घालून टाळता येतं.

पण दोन्ही घटनांमधून एक गोष्ट दिसते. एका जागी झालेल्या शिरकावाची किंमत तो पुढे किती पसरू शकतो यावर ठरते. मॅकचं काम ते पसरणं रोखण्याचं आहे.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. लोकांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थेने सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहितीपर्यंत कोण पोहोचतं यावर नियंत्रण ठेवणं आणि त्याच्या नोंदी जपणं, हे नियमांत स्पष्ट लिहिलंय. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी 18 महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे 2027 पर्यंत. सायबर घटना सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवणं मात्र 2022 पासूनच बंधनकारक आहे.

कायदा एसई-लिनक्सचं नाव घेत नाही. पण सर्व्हरमध्ये फुकट मिळालेलं कुलूप बंद ठेवून 'वाजवी काळजी घेतली' असं म्हणणं कुठल्याही संस्थेला जड जाईल.

सभासद काय करू शकतात?

सहकारी कारखाना असो, दूध संस्था असो की पतसंस्था, मालक सभासद असतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाचा दर आणि ठेवींचं व्याज यावर चर्चा होते, तशी माहितीच्या सुरक्षेवरही होऊ शकते. त्यासाठी कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. तीन प्रश्न पुरेत.

आपल्या सर्व्हरवर मॅक एन्फोर्सिंग आहे, परमिसिव्ह आहे की बंद? बंद असेल तर ते कुणाच्या सांगण्यावरून आणि कधी बंद केलं, याची लेखी नोंद आहे का? आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या करारात 'आमचं सॉफ्टवेअर मॅक चालू ठेवून चालेल' अशी अट आहे का?

यातला तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ही अट निविदेतच टाकली, तर काम कंपनीच्या तंत्रज्ञाला हंगामाआधी करावं लागतं. टाकली नाही, तर ते ऐन हंगामात गाड्यांची रांग लागलेली असताना, फोनवरच्या एका ओळीने मिटवलं जातं.